अर्धाच राहिलेला प्रयोग

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले, की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मला नको, पित्त होतं.’ आमच्या शाळेतल्या एका बाईंची अशा पदार्थांची यादी वर्षागणिक वाढत गेली. आधी मिरची बंद झाली, मग तुरीची डाळ, शेंगदाणे, दूध, टोमॅटो. शेवटी डब्यात मऊ भात आणि दुधी भोपळ्याची भाजी एवढंच उरलं. जळजळ मात्र थांबली नाही. वजन उतरलं, जिना चढताना धाप लागू लागली. तपासणीत हिमोग्लोबिन फार कमी निघालं. दुर्बिणीतून जठराची तपासणी झाली आणि निदान कळलं: दीर्घकालीन जठरदाह, म्हणजे जठराच्या अस्तराला आलेली आणि तशीच टिकून राहिलेली सूज.

बाई विज्ञानच शिकवतात. इतकं पथ्य पाळूनही त्यांचं चुकलं कुठे?

जठर स्वतःला का पचवत नाही?

बोलीभाषेत आपण ज्याला पित्त म्हणतो, तो बहुतेक वेळा आम्लाचा त्रास असतो. खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि लहान आतड्यात उतरतो. जठरात असतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल. रिकाम्या पोटी त्याचा सामू साधारण १.५ ते २ इतका असतो. शिवाय प्रथिनांचं पचन करणारं पेप्सिन हे विकर असतं. मग जठराची भिंतच पचून कशी जात नाही? मुलं हा प्रश्न विचारतात आणि तो अगदी योग्य आहे.

उत्तर अस्तरात आहे. त्यावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट मिसळलेलं असतं. त्यामुळे पेशींपर्यंत पोचेपर्यंत आम्ल बरंचसं उदासीन होतं. झिजलेल्या पेशींच्या जागी काही दिवसांतच नव्या पेशी येतात. हे संरक्षण दुबळं पडलं की दाह सुरू होतो.

दाह कशामुळे होतो?

पूर्वी याचा दोष तिखट खाण्याला आणि काळजी करण्याला दिला जाई. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना जठराच्या अस्तराच्या नमुन्यांत वक्राकार जिवाणू दिसले. इतक्या आम्लात जिवाणू जगतील यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. त्यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं. त्याआधी त्यांचं जठर निरोगी असल्याची तपासणी झालेली होती. दहाव्या दिवशी पुन्हा तपासलं, तेव्हा जठरदाह झालेला होता. या जिवाणूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हा जिवाणू आम्लात जगतो तो युरिएज या विकराच्या जोरावर. युरिएज युरियाचं विघटन करून अमोनिया बनवतं आणि अमोनिया जिवाणूभोवतालचं आम्ल उदासीन करतो. कच्च्या सोयाबीनच्या पिठातही युरिएज असतं. या पिठात युरिया खताचं पाणी मिसळा आणि भांड्याच्या झाकणाला आतून हळदीचा ओला कागद लावा. थोड्या वेळाने कागद लालसर होऊ लागतो. दुर्बिणीतून काढलेल्या अस्तराच्या तुकड्यावर डॉक्टर अशीच रंग बदलणारी चाचणी करतात.

दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे दुखणं कमी होतं, पण श्लेष्म्याचा थर राखणारी द्रव्यंही हीच असतात. याखेरीज दारूमुळे दाह होतो. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच आम्ल बनवणाऱ्या पेशींवर उलटते, आणि मग ब-१२ जीवनसत्त्व शोषलं जाईनासं होतं.

औषधं काय करतात?

ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या आम्ल बाहेर टाकणारे पेशींमधले ‘पंप’ बंद करतात. हे पंप जेवणाच्या वेळी सर्वाधिक काम करतात, म्हणून गोळी जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायची. आम्ल कमी झालं की अस्तराला भरून यायला सवड मिळते. पण त्याने मूळ कारण जात नाही. जिवाणू असतील तर या गोळीबरोबर दोन किंवा अधिक औषधं, बहुधा चौदा दिवस, पूर्ण घ्यावी लागतात. मधेच सोडल्यास चिवट जिवाणू मागे उरतात. म्हणून उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून खात्री करून घेतात.

मग पथ्याचं काय?

संशयित पदार्थ वर्ज्य करून पाहण्याची पद्धत कॅलिफोर्नियातले डॉक्टर आल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकात मांडली. तिचे दोन भाग आहेत. संशय असलेले पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायचे, हा पहिला. मग ते एकेक करून परत आणायचे, हा दुसरा. एक पदार्थ सुरू केला की दोन-तीन दिवस दुसरा काही बदल करायचा नाही. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि काय वाटलं, हे वहीत लिहायचं. वर्गात आपण सांगतो तोच हा नियम: एका वेळी एकच घटक बदला.

बाईंनी पहिला भाग केला, दुसरा कधीच केला नाही. हा त्रास आपोआपही कमीजास्त होत असतो. फार त्रास झाला की आपण एखादा पदार्थ सोडतो, दोन दिवसांत त्रास आपोआप ओसरतो आणि खापर त्या पदार्थावर फुटतं. शिवाय जळजळ आणि सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन वेदनेचा संदेश देणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं. त्यामुळे जळजळ वाढली तरी जिवाणूंमुळे आलेली सूज मिरची सोडून जात नाही. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साठून होणाऱ्या दुर्मीळ जठरदाहात मात्र दूध, गहू, अंडी असे पदार्थ वर्ज्य केल्याने सूज उतरू शकते. असं पथ्य आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावं. ज्या पदार्थाने पूर्वी ओठ सुजले किंवा श्वास कोंडला असेल, तो घरी कधीही परत खाऊन पाहू नये.

बाईंच्या जठरात जिवाणू सापडले. शिवाय गुडघेदुखीसाठी त्या रोज वेदनाशामक गोळी घेत होत्या, आणि ती त्यांच्या वर्ज्य पदार्थांच्या यादीत कधीच आली नव्हती! डॉक्टरांनी ती बंद केली, जिवाणूंवर औषधं दिली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभराने केलेल्या चाचणीत जिवाणू नव्हते. मग वही घेऊन प्रयोगाचा राहिलेला भाग सुरू झाला. आधी डाळ परतली, मग दूध, शेंगदाणे, टोमॅटो. यादीत शेवटी एकच गोष्ट उरली: सकाळी रिकाम्या पोटी घेतलेला कडक चहा.

काळी डांबरासारखी शौचास होणं, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काहीही दिसलं तर प्रयोग करत बसू नये, लगेच डॉक्टरांना गाठावं. एरवी ‘मला हे चालत नाही’ असं कुणी म्हणालं, तर वर्गात विचारतो तोच प्रश्न विचारावा: परत खाऊन पाहिलंत का?