शेवाळाचे तेल आणि शेततळ्याचे पाणी

उन्हाळ्याच्या तोंडी अंबड तालुक्यातील एखाद्या शेततळ्यात डोकावले, तर पाणी अनेकदा हिरवे दिसते. हा रंग सूक्ष्म शेवाळाचा. त्याच्या काही जातींच्या पेशींत तेल साठते. मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून या तेलाचे बायोडिझेल करता येते. मग शेततळ्यातच डिझेल का पिकवू नये? विद्यार्थ्यांना हा प्रश्न पडला, तर उत्तर फळ्यावरच शोधू या.

शेवाळाला मूळ-खोड पोसावे लागत नाही. प्रत्येक पेशी प्रकाशसंश्लेषण करते. सुपीक जमीनही लागत नाही. आशा आहे ती यामुळेच.

आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिट सौरऊर्जा पडते. शेवाळ त्यातील २ टक्के साठवते असे धरू. म्हणजे ०.१ युनिट, अर्थात ३६० किलोज्यूल. एक ग्रॅम कोरड्या शेवाळात सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा असते. तेव्हा उत्पादन झाले १८ ग्रॅम. त्यात पाव हिस्सा तेल धरले, तर साडेचार ग्रॅम. ३० × ३० मीटरच्या तळ्यातून दिवसाला सुमारे ४ किलो, म्हणजे साडेचार लिटर तेल!

आता पाण्याचा हिशेब. कडक उन्हात तळ्याची पातळी रोज ८ मिलिमीटर खाली गेली, तर ७,२०० लिटर पाण्याची वाफ होते. एका लिटर तेलामागे १,६०० लिटर पाणी! जेथे उन्हाळ्यात मोसंबीच्या बागा टँकरने जगवाव्या लागतात, तेथे हा सौदा परवडेल काय?

आणखी दोन अडचणी आहेत. नायट्रोजनची उपासमार झाली की शेवाळ तेल जास्त साठवते, पण त्याची वाढ मंदावते. शिवाय गाळून काढलेल्या लगद्यात एक किलो शेवाळामागे सुमारे ४ किलो पाणी उरते. ते आटवायला २,१६० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे शेवाळातील ऊर्जेच्या जवळजवळ निम्मी. उन्हात वाळवावे, तर जागा आणि वेळ हवा.

अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ या काळात असे संशोधन चालवले. खनिज तेलाच्या भावाशी ते टिकले नाही. एक्झॉनमोबिल कंपनीनेही २००९ मध्ये हाती घेतलेले काम २०२३ पर्यंत सोडून दिले.

तरीही आम्हाला हा मार्ग बंद झालेला वाटत नाही. समुद्राच्या पाण्यात वाढणाऱ्या जाती आहेत. शहरांच्या सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस खाऊन शेवाळ पाणी स्वच्छ करते. तेथे तेल हा वरचा लाभ ठरेल. गोड्या पाण्याची शेततळी मात्र पिकांसाठीच राहू द्यावीत.

शाळेच्या गच्चीवर पाण्याने भरलेली परात ठेवा. रोज एकाच वेळी पट्टीने पातळी मोजा. लहान परात तळ्यापेक्षा जास्त तापते, म्हणून आकडा थोडा मोठा येईल. तो का, हेही विद्यार्थ्यांना विचारा. मग आमच्या ८ मिलिमीटरच्या जागी तुमचा आकडा घालून गणित पुन्हा मांडा.