नाव कंपनीचं, मेल कोणाचा?

कुवेतच्या विमानतळाजवळच्या जलीब अल शुयूखमध्ये भारतीय कामगारांची दाट वस्ती आहे. तिथे राहणाऱ्यांकडे गावाहून असे मेल फॉरवर्ड होऊन येतात: बड्या तेल कंपनीचा लोगो, धाकट्या भावाला नोकरीचं पत्र आणि शेवटी व्हिसासाठी पैसे भरायची सूचना. सोबत प्रश्न असतो, ‘पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचंच नाव आहे, मग मेल खोटा कसा?’

ते नाव पाठवणाऱ्यानेच लिहिलेलं असतं, म्हणून. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपी हे मेल पोचवण्याचे नियम लिहून काढले, तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधली मोजकी मंडळी होती. एकमेकांवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. साध्या टपालात पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आतल्या कागदावरचं लेटरहेड वेगळं. पोस्टमन लेटरहेड तपासत नाही. पोस्टेल यांच्या नियमांतही नेमकं असंच आहे. ‘फ्रॉम’पुढे दिसणारं नाव हे आतलं लेटरहेड. ते कोणीही छापू शकतं.

यावर पुढे डीकेआयएमसारखे उपाय आले. पाठवणारा सर्व्हर मेलवर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती पडताळायची किल्ली त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या नावाच्या, नोंदींमध्ये जाहीर ठेवलेली असते. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांचा निकाल दिसतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. पण ‘पास’ याचा अर्थ एवढाच, की मेल त्या डोमेनवरून आला. कंपनीच्या नावात एखादं अक्षर वाढवून कोणी नवं डोमेन विकत घेतलं, तर तेही तिन्ही तपासण्यांत पास होतं. म्हणून ‘@’ नंतरचं अक्षर न् अक्षर वाचायला हवं.

असे मेल इतके ढोबळ का असतात? मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचं जे गणित मांडलं, ते मला फार आवडतं. लाखो मेल पाठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. खर्च होतो तो उत्तर देणाऱ्यांशी बोलण्यात. चार दिवस बोलून ऐनवेळी मागे फिरणारा माणूस ठगाला परवडत नाही. गोष्ट अविश्वसनीय असली की शंकेखोर आपोआप गळतात आणि पैसे भरण्याची शक्यता असलेलेच उरतात. म्हणजे ढोबळपणा ही चाळणी आहे. ठगाला शिव्या घालण्यासाठीही उत्तर देऊ नये. उत्तर गेलं की पत्ता वापरात आहे, एवढं त्याला नक्की कळतं.

उत्तर न देताही हे कळू शकतं. मेलमध्ये एका पिक्सेलचं अदृश्य चित्र असतं आणि प्रत्येकासाठी त्याची लिंक वेगळी. चित्र लोड झालं की मेल कधी उघडला, याची नोंद पाठवणाऱ्याकडे होते. डिसेंबर २०१३ पासून जीमेल अशी चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं. त्यामुळे आपला आयपी पत्ता झाकला जातो, पण मेल उघडल्याची खबर जाऊ शकते. सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं विचारून दाखवण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. नोकरीच्या अर्जांसाठी वेगळा पत्ता ठेवावा. जीमेलमध्ये नावापुढे ‘+’ आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल आपल्यालाच येतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द दिला, तर पत्ता कुठून फुटला याचा बऱ्याचदा माग लागतो.

पासपोर्ट किंवा सिव्हिल आयडी या कुवेतच्या ओळखपत्राची प्रत मात्र खातरजमा होईपर्यंत कोणालाही पाठवू नये. खातरजमा मेलमधल्या नंबरवर फोन करून होत नाही, कारण तो नंबरही पाठवणाऱ्यानेच दिलेला असतो. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे आणि त्यांच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. एजंटचं नाव त्या यादीत स्वतः शोधावं आणि कंपनीचा नंबर तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. गावाकडच्या भावाला हे आज, पैसे भरण्याआधी सांगायला हवं.