सुवर्ण-उत्प्रेरण आणि कार्बन–कार्बन बंध

सुवर्ण हा राजधातू. साध्या अम्लांना तो दाद देत नाही. या उदासीनतेमुळे कार्बनी संश्लेषणात त्याची उपेक्षाच झाली. वास्तविक त्याचे उत्प्रेरक गुण याच उदासीनतेतून उद्भवतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नितीन पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेले एक उदाहरण पाहू. आयसोक्विनोलोनवर अल्किनिल गट बसविताना ऱ्होडियम वापरल्यास तो आठव्या कार्बनावर जातो, सुवर्ण वापरल्यास चौथ्या. ऱ्होडियमला शेजारचा कार्बोनिल गट वाट दाखवितो. सुवर्ण-उत्प्रेरित विक्रियेत इलेक्ट्रॉन-समृद्ध स्थानाची निवड होते.

तथापि येथे अल्किनिल गटाचा पुरवठा अतिसंयुजी आयोडीन-संयुगाने केला होता. साधे आयोडोबेंझीन घेतले असता पॅलेडियम कार्बन–आयोडीन बंधात सहज शिरते. सुवर्ण शिरत नाही. +१ वरून +३ या अवस्थेत जाण्यास सुमारे १.४ व्होल्ट विभव आड येते. पॅलेडियमच्या ० व +२ या अवस्थांसाठी ते सुमारे ०.९ आहे. म्हणून सिलेक्टफ्लोरसारखी प्रबल ऑक्सिडीकारके घालावी लागत, आणि नाजूक गटांची त्यात धडगत नसे.

ही अडचण लिगंडाने दूर केली. २०१७ साली तूलूझ येथे बूरिसू यांच्या गटाने फॉस्फरस व नायट्रोजन हे दोन्ही दाते असलेला मी-डाल-फॉस हा लिगंड योजिला. फॉस्फरस सुवर्णाला घट्ट धरून ठेवतो. नायट्रोजन एरवी सैल असतो, परंतु +३ अवस्था येऊ लागताच बद्ध होऊन तिला आधार देतो. मग आयोडोअरीन बाह्य ऑक्सिडीकारकावाचून सामावले जाते.

पुढे भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत पाटील यांच्या गटाने २०२० साली याच लिगंडाच्या साहाय्याने अल्कीनच्या दोन्ही कार्बनांवर अरिल गट बसविले. हेक विक्रियेत पॅलेडियमवरील अरिल गट अल्कीनमध्ये शिरतो, नंतर हायड्रोजन निघून जातो व द्विबंध पुन्हा अवतरतो. म्हणजे एकच अरिल गट पदरात पडतो. अरिल-सुवर्ण मात्र अल्कीनला केवळ सक्रिय करून थांबते. त्याच रेणूतील दुसरे अरोमॅटिक वलय त्यावर चाल करते आणि शेवटी सुवर्णावरील अरिल गट दुसऱ्या कार्बनाशी जोडला जातो.

एक गोष्ट अद्याप खटकते. सुटलेले आयोडाइड दूर करण्यासाठी रौप्य-लवण लागते, आणि तेही उत्प्रेरकी नव्हे, तर तुल्य प्रमाणात. सोने किंचित लागते. खर्ची पडते ती चांदी.