विश्लेषण : लॉन बोल्सचा पंच कसा घडतो? मिलिमीटरच्या निर्णयामागे कोणते प्रशिक्षण?

बर्मिंगहॅमच्या २०२२ मधील राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून महिलांच्या ‘फोर्स’ प्रकारात सुवर्णपदक जिंकले. लॉन बोल्स नावाचा खेळ असतो, हे अनेक भारतीयांना तेव्हाच कळले. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार असून तेथील खेळांत बोल्सचाही समावेश आहे. खेळाडूंची चर्चा होईलच, पण सामने चालवायला प्रशिक्षित पंचही लागतील. ते कसे तयार होतात?

पंचाची गरज कधी लागते?

आधी ‘जॅक’ हा लहान चेंडू हिरवळीवर सोडला जातो. मग दोन्ही बाजू आपले मोठे चेंडू, म्हणजे ‘बोल’, त्याच्या जवळात जवळ थांबवण्याचा प्रयत्न करतात. बोलचा आकार एका बाजूला किंचित वेगळा असतो, त्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या बोलपेक्षा आपले जितके बोल जॅकच्या जवळ, तितके गुण.

गल्लीत गोट्या खेळताना वीत लावून भांडलेल्यांना पुढचे सांगायला नको. कोणाचा बोल जवळ, हे खेळाडू शक्यतो आपसात ठरवतात. एकमत झाले नाही, तर पंचाला हाक मारली जाते. क्रिकेटच्या पंचासारखा तो प्रत्येक चेंडूवर निर्णय देत नाही. एकेरीत ‘मार्कर’ हा वेगळा सहायक असतो आणि तोही विचारल्याशिवाय माहिती देत नाही.

मोजणी कशी होते?

येथेच खरी कसोटी आहे. जॅकच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून बोलच्या सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंतचे अंतर तपासायचे असते. गंमत म्हणजे पंचाला सहसा आकडा वाचावाच लागत नाही. एका बोलसाठी दोरी ताणून अंतर पक्के करायचे आणि तेच माप दुसऱ्या बोलला लावून पाहायचे. अंतर कमी असेल तर कॅलिपर, केसभर फट असेल तर पातळ पट्ट्यांचे फीलर गेज वापरले जाते. या सगळ्यात जॅकला किंवा बोलला धक्का लागता कामा नये. म्हणून गुडघे कुठे टेकायचे, कोणत्या बाजूने वाकायचे, मोकळा हात कुठे ठेवायचा, हेही शिकावे लागते.

बोल कलता उभा असेल तर आधी त्याला पाचर लावून आधार दिला जातो. दुसऱ्या बोलची मोजणी चालू असताना तो आपोआप पडला, तर तो नव्या जागीच राहतो आणि त्या स्थितीनुसार मोजणी पुढे चालते. आधी ठरलेले गुण मात्र कायम राहतात. दोन्ही बाजूंचे सर्वांत जवळचे बोल समान अंतरावर असतील तर कोणालाच गुण नाही, तरी ती फेरी खेळली गेली असेच धरले जाते.

नियमांची गुंतागुंत किती?

वरून शांत वाटणाऱ्या या खेळाचे नियम बारकाव्यांनी भरलेले आहेत. चटईच्या पुढच्या कडेपासून जॅक किमान २३ मीटरवर थांबला पाहिजे. चेंडू सोडताना एका पायाचा काही भाग तरी चटईवर किंवा तिच्यावरच्या हवेत असावा लागतो. पहिल्या चुकीला ताकीद मिळते, पुन्हा चूक झाली तर पंच तो बोल बाद ठरवू शकतो. धावत जाऊन जॅकला स्पर्श केलेला बोल ‘टचर’ ठरतो आणि त्यावर खडूची खूण होते. असा बोल हद्दीतच मैदानाकडेच्या चरात गेला तरी जिवंत राहतो, पण स्पर्श न करता चरात गेलेला बाद होतो. प्रशिक्षणार्थी बहुधा येथेच अडखळतात.

पंचाने केलेली मोजणी अंतिम असते. नियमाच्या अर्थाबाबत वाद असेल, तरच स्पर्धेच्या नियंत्रक संस्थेकडे दाद मागता येते.

परीक्षा कशी असते?

‘वर्ल्ड बोल्स’ या जागतिक संस्थेची नियमावली हा पाया. पंचांचे प्रशिक्षण मात्र मुख्यतः त्या त्या देशातील संस्था देतात. इंग्लंडमध्ये यासाठी ‘इंग्लिश बोल्स अम्पायर्स असोसिएशन’ ही पंचांचीच संघटना आहे. लेखी परीक्षेत नियम विचारले जातात आणि प्रात्यक्षिकात मोजणी करून दाखवावी लागते. उत्तर बरोबर येणे पुरेसे नसते. कोणते साधन निवडले, आधी काय तपासले, बोल हलला का, हेही पाहिले जाते. ऑस्ट्रेलियात पंचाची मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. नियमही अधूनमधून बदलतात, त्यामुळे ते योग्यच आहे.

भारतात अडचण कोणती?

येथे खेळाची सूत्रे ‘बोलिंग फेडरेशन ऑफ इंडिया’कडे आहेत. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेपासून भारत या खेळात उतरला. मात्र दिल्ली, कोलकाता, रांची, गुवाहाटी अशी मोजकीच केंद्रे सोडली तर हिरवळ मिळणे कठीण. नियमावली घरी पाठ करता येते, पण नजर सामन्यांमध्येच तयार होते आणि सामनेच कमी आहेत.

जमेची बाजू अशी, की या पंचाला धावपळ करावी लागत नाही. निवृत्त खेळाडू, क्रीडाशिक्षक, अगदी साठीकडे झुकलेली मंडळीही हे काम करू शकतात. मोजणीचा प्राथमिक सराव तर सतरंजीवर एक लहान आणि दोन मोठे चेंडू ठेवून, दोरी हातात घेऊनही सुरू करता येतो. अट एकच, चेंडू हलू द्यायचे नाहीत.