प्रोकोफिएवचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो : समर्पण, संहिता आणि संगीतस्वरूप

सेर्गेई प्रोकोफिएव (१८९१–१९५३) याच्या जी मायनरमधील दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोविषयी (कृतिक्रमांक १६) दोन विधाने वारंवार केली जातात. हा कॉन्चेर्टो म्हणजे दिवंगत मित्राला वाहिलेली शोकांजली आहे, हे एक. आणि बावीस वर्षांच्या बंडखोर तरुणाने जुन्या संगीतपरंपरेवर चढविलेला हा हल्ला आहे, हे दुसरे. दोन्ही विधानांत तथ्यांश आहे. परंतु कालक्रमाच्या कसोटीवर ती दोन्ही जशीच्या तशी टिकत नाहीत. या कृतीचे संगीतस्वरूप समजून घ्यावयाचे असेल तर आधी चरित्र आणि कृती यांचा संबंध नेमका कोठवर पोहोचतो, हे ठरविले पाहिजे.

प्रथम घटनाक्रम पाहू. प्रोकोफिएव सेंट पीटर्सबर्गच्या संगीतविद्यालयात शिकत असताना, १९१२ मध्ये, या रचनेस आरंभ झाला. त्याच विद्यालयातील त्याचा जिवलग मित्र माक्सिमिलियान श्मिटहोफ याने एप्रिल १९१३ मध्ये आत्महत्या केली. तत्पूर्वी त्याने प्रोकोफिएवला निरोपाचे पत्र लिहिले होते. कॉन्चेर्टो त्याच्याच स्मृतीस समर्पित आहे. पहिला प्रयोग ५ सप्टेंबर १९१३ रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २३ ऑगस्ट) पाव्लोव्स्क येथे झाला. पियानोवर स्वतः रचनाकार होता व वाद्यवृंदाचे संचालन अस्लानोव याने केले. श्रोत्यांपैकी कित्येकांनी उघड नापसंती दर्शविली, काही तर उठून गेले. समीक्षक काराटिगिन याने मात्र असे भाकीत केले की, दहा वर्षांनी हेच श्रोते एकमुखाने टाळ्या वाजवून या वर्तनाचे परिमार्जन करतील.

दहा वर्षांनी घडले ते निराळेच. १९१८ मध्ये प्रोकोफिएवने रशिया सोडला. मागे राहिलेली कॉन्चेर्टोची प्रत क्रांतीनंतरच्या काळात जळून नष्ट झाली. १९२३ मध्ये बव्हेरियातील एटाल या गावी राहत असताना त्याने ही रचना पुन्हा सिद्ध केली आणि ८ मे १९२४ रोजी पॅरिसमध्ये कूसेवित्स्की याच्या संचालनाखाली ती स्वतः वाजविली. दरम्यान १९२१ मध्ये तिसरा कॉन्चेर्टो पुरा होऊन वाजविलाही गेला होता. नव्या संहितेविषयी खुद्द रचनाकाराने म्हटले की, फेरफार इतके झाले आहेत की हिला चौथा कॉन्चेर्टो मानले तरी चालेल. मूळ आराखडा कायम राखला असला तरी काउंटरपॉइंटची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र स्वरावलींची, वीण आता अधिक गुंतागुंतीची झाली होती.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, रचनेचे काम मित्राच्या मृत्यूपूर्वीच सुरू झालेले असल्याने त्या मृत्यूला तिचे उगमस्थान म्हणता येत नाही. समर्पणामुळे, झालेल्या रचनेकडे रचनाकार कोणत्या भावनेने पाहू लागला, हे कळते. ती रचना कशातून जन्मली हे कळत नाही. दुसरा असा की, पाव्लोव्स्कच्या श्रोत्यांना चिडविणारे संगीत आणि आज आपण ऐकतो ते संगीत ही स्वरशः एक नव्हेत. आज वाजते ती संहिता बत्तीस वर्षांच्या, अमेरिका व युरोप पाहिलेल्या, तिसरा कॉन्चेर्टो लिहून झालेल्या रचनाकाराच्या हातची आहे. तिच्यातील प्रत्येक कर्कश स्वरमेळ १९१३ च्या बंडाचा पुरावा म्हणून पुढे करणे शास्त्रशुद्ध नव्हे.

मग उरतो तो कृतीचा अंतर्गत पुरावा. आणि तो पुरेसा बोलका आहे.

कॉन्चेर्टो या प्रकारात एकल वादक व वाद्यवृंद यांच्यात कामाची काहीएक वाटणी असते. कॅडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद स्तब्ध असताना एकल वादकाने करावयाचे वादन, हे परंपरेने खंडाच्या अखेरीस येणारे कौशल्यदर्शन होय. आपल्या मैफलीतील उत्स्फूर्त विस्ताराशी त्याचे साम्य शोधण्याचा मोह वाचकास होईल. परंतु येथील कॅडेन्झा पूर्णतः लिखित आहे आणि तिचे कार्यही वेगळे आहे. पहिल्या खंडाच्या आरंभी बोटांनी छेडलेली तंतुवाद्ये व क्लॅरिनेट एक छोटी, हलकी स्वराकृती मांडतात. नंतर पियानो कथन केल्याच्या ढंगाने मुख्य विषय सांगतो, आणि त्यामागून अधिक चपळ असा दुसरा विषय येतो. येथवर सारे परिचित आहे. पुढे, जेथे विषयांचा विकास वाद्यवृंदाच्या सहभागाने व्हावयाचा, तेथे वाद्यवृंद बाजूस होतो आणि सुमारे पाच मिनिटे पियानो एकटाच बोलतो. शांतपणे सुरू झालेला मुख्य विषय थर चढत जाऊन प्रचंड होतो. म्हणजे विकास-खंडाचे व पुनरावर्तनाच्या बऱ्याच भागाचे कार्य येथे कॅडेन्झाच पार पाडते. जे अलंकार म्हणून यावयाचे तेच येथे आधारस्तंभ झाले आहे.

शिखर गाठल्यावर वाद्यवृंद परततो तो आरंभीची हलकी स्वराकृती घेऊनच. पण आता ती पितळी वाद्यांतून पूर्ण बळाने कोसळते. स्वर तेच, अर्थ मात्र पालटलेला. त्यानंतर खंड हळुवारपणे मिटतो. या स्थळी श्रोत्याच्या मनात जो शोकभाव उमटतो, त्याचे कारण समर्पणपत्रिकेत शोधण्याची आवश्यकता नाही. ते या परतीच्या योजनेतच आहे.

उरलेल्या तीन खंडांतही पियानोवरील हा भार हलका होत नाही. दुसऱ्या खंडात, म्हणजे स्केर्त्सोत, दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने तेच स्वर सुमारे अडीच मिनिटे अखंड द्रुतगतीने वाजवितात. विसाव्यापुरताही गेय भाग नाही. तिसऱ्या इंटरमेझ्झोत जड पावलांची चाल आहे. तिच्यात उपरोध आणि धमकी यांचे विलक्षण मिश्रण जाणवते. चौथ्या, वादळी म्हणून निर्देशिलेल्या खंडात मध्येच वेग ओसरतो आणि रशियन लोकगीताच्या वळणाची, अंगाईची आठवण देणारी एक साधी धून ऐकू येते. सबंध कृतीत संथ खंड असा नाहीच. त्यामुळे ही धून अधिकच एकाकी भासते, आणि अखेरीस वादळ तिच्यावर मात करते.

तेव्हा या कॉन्चेर्टोचे वैशिष्ट्य कर्कशतेत किंवा वेगात मानण्यापेक्षा भाराच्या या असम वाटणीत मानणे अधिक सयुक्तिक होय. एकल वादकाकडे येथे गौरवाची जागा नाही, जबाबदारीची जागा आहे. सर्वांत कठीण वाट त्याला सोबतीवाचून चालावी लागते, आणि सोबत परत येते ती दिलासा म्हणून येत नाही. हे वैशिष्ट्य कृतीच्या मूळ आराखड्यातच असल्याने १९१३ व १९२३ या दोन्ही संहितांना ते समान असावे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

संगीताच्या अभ्यासकाने चरित्राकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नव्हे. श्मिटहोफचे नाव त्या पृष्ठावर आहे आणि ते पुसण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र त्या नावाने स्वरांचा उलगडा होतो असे मानून आपण ऐकण्याचे थांबविले, तर कृतीवर अन्याय होईल. आणि ज्याच्या स्मृतीस ती वाहिली गेली, त्याच्यावरही.