नकाशावरची सरळ रेघ आणि विमानाची वाट

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाची वाट समोरच्या पडद्यावर पाहिली, की 'एवढं उत्तरेला कशाला नेतात?' असं बहुतेकांना वाटतं. हा वळसा दिसतो तो सपाट नकाशामुळे. मर्केटरच्या 1569 सालच्या पद्धतीने काढलेले नकाशे ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे 111 किमी. 60 अंश उत्तरेला तोच जेमतेम 56 किमी भरतो. नकाशात मात्र दोन्ही सारखेच रुंद.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा घट्ट ताणून बघा. सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्को या सरळ वाटेवर तो राहतच नाही. वर सरकत आइसलंडच्या अक्षांशाला पोचतो आणि मग खाली उतरतो. त्या दोऱ्याची वाट साधारण 12,500 किमी, नकाशावरच्या सरळ रेघेची जवळपास 14,200. म्हणजे 'सरळ' गेलात तर सतराएकशे किलोमीटर जास्त!

जवळच्या अंतराला मात्र याची काळजी नको. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे 683 किमी; तिथे दोन्ही वाटांत 100 मीटरचाही फरक नाही. रेल्वेने हेच अंतर 837 किमी होतं.

विमान 11 किमी उंचीवर उडतं म्हणून अंतर खूप वाढतं, असंही ऐकू येतं. पृथ्वीची त्रिज्याच 6,371 किमी, त्यापुढे 11 किमी किती? न्यूयॉर्कपर्यंत जेमतेम वीस-बावीस किलोमीटरांची भर.

लंडनहून येताना जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो, त्याचं श्रेय अनेकजण पृथ्वीच्या फिरण्याला देतात. आपल्या खालची जमीन सरकते, असा तो समज. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. वेळ वाचतो तो उंचावरच्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे. अंतर तेवढंच असतं.

गणिताने निघालेलं अंतर विमान नेमकं तेवढंच कापतं, हाही गैरसमजच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या. विमानतळांमधलं अंतर तसूभरही बदललं नव्हतं. म्हणून गणिताचा आकडा कमीत कमी अंतर म्हणूनच वाचावा.

स्वतः हिशेब करणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. आकडा सागरी मैलांत असेल तर त्याला 1.852 ने गुणा. साधा मैल 1.609 किमीचा असतो. आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायला विसरू नका. ते राहिलं, तर तुमचं न्यूयॉर्क मुंबईपासून अवघ्या 2,400 किमीवर, किरगिझस्तानात जाऊन पडतं.