डीजे नावाचा वादक

महाराष्ट्रात ‘डीजे’ हा शब्द माणसाचा उरलेला नाही. वरातीला ‘डीजे सांगितलाय’ म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत सांगितलेली असते. विसर्जनाच्या आधी पोलीस ‘डीजे’वर बंदी घालतात तेव्हा त्यांच्याही डोळ्यांसमोर तीच भिंत असते. तिच्या मागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराचं नाव कुणी विचारत नाही. शब्दाचा मूळ अर्थ तबकड्या वाजवणारा माणूस असा होता, आणि जगात काही शहरांत तो अजूनही तसाच आहे. पण या माणसाला वादक म्हणायचं का, यावर तिथेही एकमत नाही. वय साठीपुढे गेलेलं, चाळीस वर्षं रात्र रात्र वाजवलेलं, आणि व्यवसाय ‘डीजे’, असं वर्णन ऐकलं की बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू येतं. ते हसू चुकीच्या समजुतीवर उभं आहे. टेक्नो हे यंत्रांवर रचलेलं नाचाचं संगीत वाजवणारा डीजे हा खऱ्या अर्थाने वादक असतो, त्याची कला रियाजाने येते आणि वयाबरोबर मुरते. हे तपासून पाहण्यासाठी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे जेफ मिल्स यांच्यासारखं दुसरं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मिल्स यांचा जन्म 1963चा. त्या वेळी डेट्रॉइट हे मोटारींचं शहर होतं, पण उतरण सुरू झाली होती. 1950 साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती, 2010 साली ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. 1967च्या दंगलीत 43 माणसं मेली, 1972 मध्ये मोटाउन ही गाण्यांची प्रसिद्ध कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली. कारखान्यांत माणसांच्या जागी यंत्रमानव येऊ लागले होते. अशा शहरातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी यंत्रांचं संगीत करावं, याचा अर्थ अनेकांनी फार सोपा लावला आहे: कारखान्याचा आवाज गाण्यात उतरला, झालं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघे टेक्नोचे आद्य निर्माते मानले जातात. पण ते शाळेत भेटले ते कारखान्यांपासून दूर, बेलव्हिल या डेट्रॉइटबाहेरच्या उपनगरात. रेडिओवर ते जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचं यंत्रसंगीत आणि अमेरिकन फंक एकाच बैठकीत ऐकत होते. ॲटकिन्स यांच्यावर ॲल्विन टॉफलर या भविष्यवेत्त्या लेखकाच्या पुस्तकांचा प्रभाव होता. यंत्राने बापाची नोकरी घेतली, तर त्याच यंत्राकडून आपण काय वाजवून घ्यायचं, असा तो सवाल होता. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाच्या नावातच ‘टेक्नो’ हा शब्द आला आणि या संगीताचं बारसं झालं.

मिल्स त्याच दशकात डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘द विझार्ड’ या टोपणनावाने वाजवत होते. पुढे माइक बँक्स यांच्याबरोबर त्यांनी ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ हा गट काढला. या मंडळींना प्रसिद्धीचं वावडं होतं. चेहरे झाकायचे, मोठ्या कंपन्यांना लांब ठेवायचं. त्याच सुमारास बर्लिनची भिंत पडली होती आणि पूर्वेकडच्या ओस इमारती तरुणांच्या हाती लागल्या होत्या. 1991 मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत ‘ट्रेझॉर’ हा क्लब सुरू झाला. या क्लबने पुढे तबकड्या काढायला सुरुवात केली ती डेट्रॉइटच्या याच गटापासून. 1992 मध्ये मिल्स यांनी ‘ॲक्सिस’ ही स्वतःची कंपनी काढली. हा इतिहास एवढ्यासाठी सांगायचा की टेक्नो म्हणजे युरोपातल्या पर्यटकांची रात्रीची करमणूक, अशी समजूत आता रूढ झाली आहे. 2024 मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली. ती योग्यच आहे, पण तो वारसा ज्या शहरातून आला ते अटलांटिकच्या पलीकडे आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. डीजे दुसऱ्यांच्या तबकड्या लावतो, मग तो वादक कसा? याचं उत्तर त्याच्या हातांकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही. समजा, एका टर्नटेबलवरची तबकडी मिनिटाला 130 ठोक्यांनी चालली आहे आणि दुसरी 131 ठोक्यांनी. फरक एका ठोक्याचा, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण 32 ठोक्यांत, पंधराएक सेकंदांत, दुसरी तबकडी पाव ठोका पुढे निघून जाते आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. हे कानाने ओळखायचं, गतीची पट्टी केसभर सरकवायची, तबकडीच्या कडेला बोटाने हलका दाब द्यायचा, आणि हे सगळं एका कानाला हेडफोनमधली पुढची तबकडी नि दुसऱ्या कानाला सभागृहातली चालू तबकडी ऐकत. शिवाय नुसते ठोके जुळून भागत नाही, समही जुळावी लागते. दोन्ही तबकड्यांतली आवर्तनं एकाच जागी सुरू झाली नाहीत तर गोंधळ ऐकू येतो. मिल्स यांनी हे सगळं तीन टर्नटेबलवर केलं. टोकियोच्या लिक्विड रूममधलं त्यांचं वादन 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सीडीभर वेळेत तीसहून जास्त तबकड्या येऊन जातात, काही तर मिनिटभरही टिकत नाहीत. 2004 मध्ये त्यांनी ‘एक्झिबिशनिस्ट’ ही डीव्हीडी काढली आणि कॅमेरे थेट हातांवर रोखले. ज्यांना डीजे काय करतो असा प्रश्न पडतो त्यांनी ती पाहावी, वाद तिथेच मिटतो.

तबकड्यांच्या शेजारी मिल्स यांच्याकडे एक यंत्र असतं: जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-909. 1983 साली बाजारात आलेलं हे ताल-यंत्र खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून चाललं नाही. जेमतेम दहा हजार यंत्रं निघाली आणि उत्पादन थांबलं. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि हातात पैसा नसलेल्या तरुणांनी ती उचलली. या यंत्रावर सोळा बटणं असतात, एका आवर्तनाच्या सोळा जागा. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या बटणावर खर्जाचा ठोका ठेवला की टेक्नोचा पाया तयार होतो. तीनतालाचे चार विभाग नेमके याच मात्रांवर सुरू होतात. अर्थात हा योगायोग आहे, त्यातून वंशावळ काढू नये. फरकही मोठा आहे: तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते, टेक्नोत प्रत्येक ठोका भरीचा. पण तिथली खाली डीजे स्वतः घडवतो. पाच-सात मिनिटं ठेका रुजवल्यावर तो खर्ज काढून घेतो, हवेत फक्त झांजेची किणकिण उरते, आणि खर्ज परत कधी येणार याची सगळं सभागृह वाट पाहतं. मिल्स तबकड्या थांबवून नुसत्या 909वर, बटणं बोटांनी दाबत आणि सोडत, असा खेळ मांडतात तेव्हा तबल्यावर कायद्याचे पलटे ऐकायची सवय असलेल्या कानाला ते परकं वाटू नये.

टेक्नोत तेच ते वाजतं, हा दुसरा नेहमीचा आक्षेप, आणि त्याला इथेच उत्तर मिळतं. लेहऱ्यावर तीच ओळ तासभर वाजते म्हणून तबल्याच्या स्वतंत्र वादनाला कुणी कंटाळवाणं म्हणत नाही, कारण लक्ष ओळीवर नसून तिच्यावर काय घडतं याकडे असतं. यंत्र आणि राग यांचं मेतकूट जमतं का, याचा प्रयोग तर मुंबईत फार आधी झाला होता. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडच्याच यंत्रांवर ललत, भूपाळी, मालकंस अशा दहा रागांची डिस्को ठेक्यातली तबकडी एचएमव्हीसाठी केली. ती कुणी मनावर घेतली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउस या संगीतप्रकाराची चाहूल तिच्यात पाच वर्षं आधी ऐकू येते म्हणून पाश्चात्त्य रसिक थक्क झाले, आणि सत्तरीतल्या चरणजित सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. हा माणूस 2015 मध्ये मुंबईत वारला. आपल्याकडे त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न थोडा बोचरा आहे.

वादक की नुसता वाजवणारा, हा वाद जर्मनीत चक्क करापायी न्यायालयात गेला. तिथे मैफलीच्या तिकिटावर 7 टक्के कर आणि करमणुकीवर 19 टक्के. बर्लिनच्या बेर्गहाइन क्लबने आपल्या रात्री या मैफलीच असल्याचा दावा केला आणि 2016 मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. 2020 मध्ये सर्वोच्च कर-न्यायालयानेही एका प्रकरणात टेक्नोच्या कार्यक्रमांना मैफलीचा सवलतीचा दर लागू शकतो असं ठरवलं. डीजे टर्नटेबल आणि मिक्सर वाद्यासारखे वापरतो, हा विचार त्यामागे होता. न्यायाधीशांना कला कळते असं नाही, पण कर कमी करताना ते पुरावा मागतात.

प्रतिष्ठेसाठी मिल्स यांना न्यायालयाची गरज नव्हती. 2000 मध्ये त्यांनी फ्रित्झ लांग यांच्या 1927च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाला संगीत दिलं. 2005 मध्ये फ्रान्समध्ये पाँ द्यु गार या रोमन जलसेतूपाशी माँपेलिएच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी आपल्या रचना वाजवल्या. फ्रेंच सरकारने 2007 मध्ये त्यांना कला-साहित्याचा किताब दिला आणि 2017 मध्ये त्याची वरची पायरी. यावर टेक्नोच्या निष्ठावंतांचा आक्षेप असा की व्हायोलिनची फौज आणली म्हणजे संगीत मोठं होत नाही, उलट तळघराची धार जाते. या आक्षेपात तथ्य आहे. वाद्यवृंदाच्या साथीत ‘द बेल्स’सारखी त्यांची प्रसिद्ध रचना भव्य होते, पण मूळची उघडीवाघडी घंटा जितकी अंगावर येते तितकी ती येत नाही. तरीही या खटाटोपातून एक गोष्ट कळते: वाजवणाऱ्याला आपल्या साधनाची हद्द कुठे आहे हे पाहायची भूक चाळिशीनंतरही होती.

तिसरा आक्षेप तब्येतीचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. या रात्रींभोवती अमली पदार्थ आहेत, आणि अंजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमुळे गोव्याला ते वेगळं सांगायला नको. आवाजाचं गणितही निर्दय आहे: 85 डेसिबलमध्ये कान आठ तास तग धरतो असं मानलं, तर दर तीन डेसिबलनी ती मुदत निम्मी होते. आपल्या वरातीच्या भिंतीने जे बहिरेपण वाटलं आहे तेच क्लबमध्येही मिळतं. फक्त या दोषाचा धनी आवाज वाढवणारा आणि तो वाढू देणारा आहे. ठेका घडवण्याची कला हळू आवाजातही तशीच राहते.

उतारवयात मिल्स यांनी जोडीदार निवडला तो नायजेरियाचा ड्रमवादक टोनी ॲलन, फेला कुटी यांच्या आफ्रोबीट संगीताचा कणा, मिल्स यांच्यापेक्षा वीसहून अधिक वर्षांनी मोठा. 2018 मध्ये दोघांची तबकडी निघाली. ॲलन यांचा हात ठोक्याच्या किंचित पुढेमागे रेंगाळणारा, 909 मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागालाही न चुकणारं. या दोहोंमध्ये जागा शोधणं हेच मिल्स यांचं काम होतं. 2020 मध्ये ॲलन पॅरिसमध्ये वारले. दोघांनी जमवलेला गट मात्र मोडला नाही. कीबोर्डवादक जाँ-फी दारी यांच्यासोबत आता त्यात प्रभू एदुआर तबला घेऊन बसतात, आणि त्यांच्या शेजारी मिल्स, त्याच जुन्या यंत्रावर.